अर्ध्या गुणासाठी चौदा चाली

बुद्धिबळाच्या एका डावाच्या स्कोअरशीटची, म्हणजे चाली लिहायच्या कागदाची, कार्बन कॉपी माझ्या समोर आहे. अक्षर फिकट आहे, पण वाचता येतं. मी मुलांना दर चालीपुढे घड्याळात उरलेली मिनिटं लिहायला लावतो. ही सवय नसती तर या प्रकरणातलं निम्मं मला कळलंच नसतं. पहिल्या आठ चालींना मिळून तीन मिनिटंही गेलेली नाहीत. तेराव्या एकट्या चालीला अकरा मिनिटं गेली. चौदाव्या चालीला मात झाली.

स्पर्धा परभणीत, एका मंगल कार्यालयात होती. पंधरा वर्षांखालील मुलींची जिल्हा निवड, २१ मुली, ६ फेऱ्या, स्विस पद्धत, म्हणजे दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्या समोरासमोर. प्रत्येकी ३० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद जादा. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार. आमची मुलगी सेलूची आणि समोरची गंगाखेडची. दोघी शाळकरी आहेत, म्हणून इथे त्यांना गावाच्या नावानंच ओळखू. हॉलमध्येही तसंच चालतं. "टेबल एक, सेलू पांढरे, गंगाखेड काळे" असाच पुकारा झाला होता.

पाच फेऱ्यांनंतर सेलूचे साडेचार गुण होते. गंगाखेड चारवर आणि जिंतूरची एक मुलगीही चारवर होती. जिंतूरशी सेलूचा डाव आधीच बरोबरीत सुटला होता, तिचा गेलेला अर्धा गुण तो. आता शेवटच्या फेरीत सेलू विरुद्ध गंगाखेड. सेलूला बरोबरी पुरेशी होती. बरोबरी झाली की पाच गुण, आणि पाचवर पोचू शकणारी दुसरी फक्त जिंतूर. म्हणजे पहिल्या दोघींत जागा पक्की. गंगाखेडला मात्र पक्की जागा हवी तर जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हिशोब इतका सरळ होता की मी गणिताचा मास्तर असूनही त्यावर एकदाही शंका घेतली नाही. हिशोब बरोबरच होता. चूक दुसरीकडे झाली, आणि ती माझ्याकडून झाली.

आदल्या रात्री बापलेक परभणीत मावशीकडे मुक्कामाला होते, मी लॉजवर. रात्री नऊच्या सुमारास वडिलांचा फोन आला.

"सर, ड्रॉ झाला तरी चालतंय न?"

"चालतंय."

"मग ड्रॉच करू द्या की. उगं कशाला अंगावर जायचं?"

मी म्हणालो, बघतो. बघितलं म्हणजे काय केलं, तर मोबाइलवर पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ती यादी, उघडलं. गंगाखेडची मुलगी काळ्याकडून काय खेळते ते मी दुसऱ्या फेरीत दारातून पाहिलं होतं. ती फ्रेंच डिफेन्स खेळते, दर वेळी. पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं टाकलं की ही ई६ वर (घराचं नाव म्हणजे उभ्या रांगेचं अक्षर, ए ते एच, आणि आडव्या रांगेचा आकडा, १ ते ८) एकच घर टाकते आणि पुढच्या चालीला डी५. हा बचाव आहे जुना. १८३४ साली लंडन आणि पॅरिस या दोन शहरांत पत्रानं सामना झाला, त्यात पॅरिसवाल्यांनी ही चाल वापरली आणि तिला फ्रेंच हे नाव पडलं.

सेलूचं याला उत्तर ठरलेलं होतं. तिसऱ्या चालीला ई५, म्हणजे ॲडव्हान्स. प्यादं पुढं रेटायचं, काळ्याला जागा द्यायची नाही, मागून सी३ आणि घोडा एफ३ लावून साखळी धरायची. दोन वर्षं ती हेच खेळत होती. काळा कुठून मारा करतो, बी२ वर वजीर कधी येतो, हे तिला पाठ नव्हतं, अंगवळणी पडलं होतं. पाठ असणं वेगळं.

आणि मी तिला निरोप पाठवला, "उद्या ई५ नको. तिसरीला डी५ मार. एक्स्चेंज. सगळं सारखं होतं, मोहरे मारत जायचे, ड्रॉ."

हे लिहितानाही मान खाली जाते. कारण एक्स्चेंज म्हणजे बरोबरी नव्हे, ही गोष्ट मीच वर्गात दर वर्षी सांगतो, आणि नेमक्या याच प्रसंगाचं उदाहरण देऊन सांगतो. १९९० ची मनिला इंटरझोनल, जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा. विश्वनाथन आनंद पहिल्यांदा कँडिडेट्ससाठी, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या पुढच्या टप्प्यासाठी, पात्र ठरला ती स्पर्धा, म्हणून ती आपल्याकडे लक्षात राहते. त्याच स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत मिखाइल गुरेविचला फक्त बरोबरी हवी होती. पांढरे मोहरे त्याच्याकडे, समोर नायजेल शॉर्ट. शॉर्टनं फ्रेंच लावलं आणि गुरेविचनं तिसऱ्या चालीला प्यादं मारून एक्स्चेंज घेतलं. शॉर्ट जिंकला आणि पुढे गेला, गुरेविच राहिला. जगातल्या अव्वल खेळाडूला जे झेपलं नाही ते मी सेलूच्या चौदा वर्षांच्या मुलीकडून एका रात्रीत करून घ्यायला निघालो होतो. का? वडिलांचा आवाज कानात होता. आणि दुसरं खरं कारण म्हणजे मोबाइलमधल्या इंजिननं, म्हणजे डाव जोखणाऱ्या प्रोग्रॅमनं, तिसऱ्या चालीनंतर शून्याच्या आसपासचा आकडा दाखवला. आकडा शून्य दिसला की माणसाला वाटतं, इथून काही होणारच नाही. इंजिनला तसं म्हणायचं नसतं. दोन्हीकडून बिनचूक खेळलं तर, असा त्याचा अर्थ असतो. कणकेच्या गोळ्याकडे बघून पोळी गोल झालीच म्हणण्यातला प्रकार.

एक्स्चेंज वाईट नाही, हेही इथंच सांगून टाकतो. पॉल मॉर्फी फ्रेंचविरुद्ध आवडीनं हेच खेळायचा, पण त्याला ई फाइल, म्हणजे ई ची उभी रांग, मोकळी हवी असायची, हल्ल्यासाठी. मोहरे लवकर बाहेर काढायचे आणि उघड्या पटावर तुटून पडायचं. आम्ही तीच चाल घेतली, हेतू उलटा ठेवून.

आता डाव.

पांढऱ्याचं ई४, काळ्याचं ई६. डी४, डी५. तिसरीला ई प्याद्यानं डी५ मारलं, काळ्यानंही ई प्याद्यानं परत मारलं. आता दोन्हीकडची प्यादी आरशात पाहावीत तशी. चौथीला सेलूचा उंट डी३ वर. इथं बहुतेक मुली उंट डी६ खेळून आरसा चालू ठेवतात. गंगाखेडनं सी५ टाकलं.

ही चाल या प्रकरणाची नाडी आहे. आरसा तिथंच फुटला. सी५ मध्ये काळा म्हणतो, माझं डी५ चं प्यादं एकटं पडलं तरी चालेल, मला मोहऱ्यांना वाटा हव्यात. सेलूला मात्र मी सांगून ठेवलं होतं की सगळं सारखं राहतं. जे राहणार नव्हतं त्यावर तिची अख्खी तयारी उभी होती.

पाचवीला घोडा एफ३, काळ्याचा घोडा सी६. सहावीला सेलूनं वजीर ई२ वर आणून शह दिला.

नंतर मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "तिनं वजीर मधी घातला असता तर वजीर वजीर मारून झालं असतं न सर." मोहरे मारायचे, ही माझी सूचना ती इमानानं पाळत होती. गंगाखेडनं वजीर मधे घातला नाही, उंट घातला, ई७ वर. आता पाहा काय झालं. काळ्याचा उंट बाहेर पडला, कॅसलिंगची, म्हणजे राजाला हत्तीच्या आड नेण्याची, वाट मोकळी झाली. पांढऱ्याचा वजीर ई फाइलवर उघडा राहिला, जिथं पुढे काळ्याचा हत्ती येणार. शह देऊन काय मिळालं, तर समोरच्याची एक चाल फुकट पुढं सरकली.

सातवीला सेलूनं डी प्याद्यानं सी५ चं प्यादं मारलं. पुन्हा 'मारायचं'. काळ्यानं घाई न करता घोडा एफ६ वर काढला. ते सी५ चं प्यादं पळून जाणार नव्हतं. आठवीला एच३. जी४ वर काळ्याचा उंट येऊन घोड्याला पीन करू नये, म्हणजे मागच्या मोठ्या मोहऱ्यापायी जागीच अडकवू नये म्हणून. ही चाल मुलं इतकी यंत्रासारखी खेळतात की मी वर्गात तिला 'कुलूप' म्हणतो. घराला कुलूप लावलं की चोराला घरात कुणी नाही हे आधी कळतं. त्या एच३ कडे काळ्याचा पांढऱ्या घरांचा उंट आधीच बघत होता, सी८ वरून, कर्ण मोकळा होता.

काळ्यानं कॅसल केलं. नववीला सेलूनंही कॅसल केलं, आणि स्कोअरशीटवर त्या चालीसमोर बरोबरच्या चिन्हासारख्या दोन आडव्या रेघा आहेत. म्हणजे तिनं इथं बरोबरी मागितली. नियमानं मागितली, चाल खेळून, घड्याळ दाबायच्या आधी. गंगाखेडनं तोंडानं हो-नाही काही म्हटलं नाही. उंटानं सी५ चं प्यादं मारलं आणि घड्याळ दाबलं. चाल खेळली की प्रस्ताव फेटाळला, असाच नियम आहे.

हॉलमध्ये प्रशिक्षकांना प्रवेश नसतो. मी बाहेर व्हरांड्यात होतो, वडील पायरीवर. पंखे चालू होते पण उकाडा जात नव्हता. मला पट दिसत नव्हता, फक्त तिची वेणी दिसत होती. ती हलत नाही म्हणजे डाव शांत चाललाय, असा मी अर्थ काढला.

दहावीला सी३. काळ्याचा हत्ती ई८ वर, समोर थेट पांढऱ्याचा वजीर. अकरावीला वजिराला हलावं लागलं, सी२ वर गेला. सहाव्या चालीला ई२, अकराव्याला सी२, म्हणजे वजिराच्या दोन चाली आणि हाती काही नाही. इथं थांबून मोजावं. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर, एक उंट सी५ वर, हत्ती ई फाइलवर, राजा सुरक्षित, आणि आता पाळी काळ्याची. पांढऱ्याचा एक घोडा, एक उंट आणि कॅसल. वजिराच्या बाजूचे तिन्ही मोहरे, घोडा, उंट आणि हत्ती, अजून मूळ घरीच. बरोबरीसाठी खेळलेल्या अकरा चालींत पांढऱ्यानं पहिल्या चालीचा फायदा तर घालवलाच, वर उधारी केली.

काळ्याचा वजीर डी६ वर आला. बारावीला सेलूनं बी१ चा घोडा डी२ वर काढला.

चाल दिसायला अगदी निरागस. घोडा बाहेर काढला, मास्तर खूश. पण सी१ चा उंट त्यानं कोंडला. तो उंट आधी जी५ वर गेला असता तर पुढच्या चालीला काळ्याचा वजीर जी३ ला आल्यावर उंट एच४ वर येऊन त्याला हाकलू शकला असता. आधी उंट, मग घोडा, एवढाच फरक.

काळ्यानं वजीर जी३ वर ठेवला.

ज्यांनी पट मांडला असेल त्यांनी इथं दोन मिनिटं थांबावं. काळ्याचा वजीर पांढऱ्याच्या एफ२ प्याद्याच्या तोंडात उभा आहे. मारायचं का नाही? कारण एफ२ च्या मागे, सी५ च्या उंटाच्या कर्णावर, जी१ वर राजा आहे. एफ प्यादं हललं की राजाला शह. म्हणजे एफ२ पीन झालंय. ही पहिली पीन. दुसरी पीन अंगाला अंग लावून आहे, म्हणून दिसत नाही. जी३ चा वजीर आणि जी१ चा राजा यांच्या मधे जी२ चं प्यादं. तेही हलू शकत नाही. म्हणजे काळ्याचा सी८ चा उंट आता बिनधास्त एच३ चं प्यादं मारू शकतो, आणि मारलं की जी२ वर मात.

सेलूनं अकरा मिनिटं घेतली ती इथं. तिला पहिली पीन दिसली. तिनं विचार केला, उंटानं पीन धरलीय, तर उंटावरच जाऊ. तेरावी चाल घोडा बी३. सी५ च्या उंटावर मारा. उंट हलला की एफ२ नं वजीर मारायचा. अकरा मिनिटांत तिनं जे पाहिलं ते सगळं बरोबर होतं. जे पाहिलं नाही ते जी२ वर होतं.

काळ्याच्या उंटानं एच३ मारलं.

तिनं जी२ चं प्यादं उचललं. उचललं आणि हवेतच थांबली. गंगाखेडच्या मुलीनं हात वर केला, आर्बिटर, म्हणजे पंच, आले. नियम असा की मोहरा हाताळला की तोच खेळायचा, पण त्या मोहऱ्याची एकही वैध चाल नसेल तर दुसरा कुठलाही खेळता येतो. जी२ च्या पुढं वजीर उभा, एफ३ वर आपलाच घोडा, एच३ मारलं तर राजाला शह. म्हणजे वैध चाल एकही नाही. घड्याळ दाबलं नव्हतं, म्हणून अवैध चालीचा दंडही नाही. आर्बिटरनी तेवढंच सांगितलं आणि बाजूला झाले. त्या प्याद्याला हलायलाच जागा नाही हे तिला कळलं ते ते प्यादं हातात असताना.

चौदावी चाल, घोड्यानं सी५ चा उंट मारला. काळ्याच्या वजिरानं जी२ मारलं. मात.

घोडा ई१ वर नेऊन जी२ सांभाळता आलं असतं का? एक चाल. ई८ चा हत्ती तो घोडा मारतो, आणि हत्तीनं हत्ती मारला की जी२ वर तीच मात. ही लाईन तिनं पाहिली होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "सर, मात दिसली होती. पण दुसरं काय खेळू?" तिच्या घड्याळात अजून सतरा मिनिटं शिल्लक होती.

शेजारच्या टेबलावर जिंतूर जिंकली. सेलू तिसरी.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. बक्षीस समारंभाला वेळ होता म्हणून आम्ही दोन्ही गावचे लोक समोरच्या टपरीवर चहाला गेलो. गंगाखेडचे प्रशिक्षक माझ्याहून वयानं लहान, पण मुरलेले. मी विचारलं, वजीर जी३ तिला पटावर सुचलं का? ते हसले.

"आवं सर, पाठ होतं तिला. आमच्या पोरीला एक्स्चेंजमधलं एवढं एकच येतंय. चौदा चालींचा डाव है न तो, कोर्चनॉयचा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. १९७८, इस्रायलमधलं बीरशेबा. इटलीचा इंटरनॅशनल मास्टर स्टेफानो ताताई पांढऱ्याकडून, व्हिक्टर कोर्चनॉय काळ्याकडून. बाराव्या चालीच्या वजीर जी३ पर्यंत आमचा डाव आणि तो डाव एकच आहे, एकही चाल वेगळी नाही. तेराव्या चालीला ताताई वेगळं खेळला. त्यानं उंट एफ५ वर आणून एच३ सांभाळलं, म्हणजे त्याला दुसरी पीन दिसली होती. कोर्चनॉयनं हत्ती ई२ वर घुसवला. ताताईनं घोडा डी४ वर टाकून उंटाचा कर्ण तोडला, काळ्याच्या घोड्यानं तो घोडा मारला आणि ताताईनं डाव सोडला. तोही चौदा चालींत. त्याच वर्षी कोर्चनॉय फिलिपिन्समधल्या बागियोला कार्पोव्हशी जगज्जेतेपदाचा सामना खेळला. ३२ डाव चालला तो सामना, सहा विजयांनी कार्पोव्हनं जिंकला, पाच कोर्चनॉयचे, २१ बरोबरीत. पटावर बरोबरी कशी येते आणि कशी येत नाही हे ठाऊक असलेल्या माणसाचा डाव माझ्या विद्यार्थिनीवर चालीगणिक उलटला होता, आणि मला तो चहाच्या कपाशी आठवला.

यावर कुणी म्हणेल, मग दोष पाठांतराच्या कमतरतेचा. सेलूला हा डाव माहीत असता तर ती बाराव्या चालीला घोडा डी२ खेळली नसती. खरं आहे, पण मला ते अर्धं वाटतं. सापळे हजार आहेत, एक पाठ केला तर दुसऱ्यात पाय जाईल. मी तो डाव महिनाभर उलटून पाहिला आणि माझं मत असं झालं की घोडा डी२ ही शेवटची चूक होती, पहिली नव्हे. सहाव्या चालीला शह न देता सरळ कॅसल केलं असतं तर डाव साधा होता. आठवीला कुलूप न लावता कॅसल केलं असतं तरी एच३ वर निशाण राहिलं नसतं. शह आणि कुलूप या दोन्ही चाली तिनं तिच्या नेहमीच्या डावात केल्या असत्या का? मी तिचे जुने स्कोअरशीट काढले. ॲडव्हान्समध्ये तिनं वजीर पाचव्या-सहाव्या चालीला बाहेर काढल्याचं मला एकदाही सापडलं नाही. म्हणजे तिला येत नव्हतं असं नाही. त्या दिवशी ती तिचा डाव खेळतच नव्हती, माझा निरोप खेळत होती. मारता येईल ते मार, बदलता येईल ते बदल. आणि बदलाबदलीसाठी टाकलेली प्रत्येक चाल समोरच्याला नाकारता येते. नाकारली की ती चाल फुकट गेली. शह नाकारला, बरोबरी नाकारली. सी५ चं प्यादं तर तिनं मारलं तरी काळ्यानं हवं तेव्हा, उंट बाहेर काढता काढता परत मारलं.

घड्याळाचे आकडेही हेच सांगतात. ॲडव्हान्समध्ये ती चौथ्या-पाचव्या चालीपासून वेळ घेते, कारण तिथं तिला काय बघायचं ते माहीत असतं. या डावात पहिल्या आठ चाली तीन मिनिटांत, कारण बघायला काही नाही असं मीच सांगितलं होतं.

वडिलांशी बोलणं ही वेगळी परीक्षा होती. परतीला आम्ही तिघं पॅसेंजरनं निघालो. मानवत रोडपर्यंत कुणी बोललं नाही. ते शेतकरी माणूस, सोयाबीनची रास घरात सोडून दोन दिवस पोरीसाठी आलेले. मला वाटलं, आता म्हणतील की मीच ड्रॉचं बोललो होतो. ते उलट माझीच समजूत घालायला लागले, "जाऊ द्या सर, तिसरी तर आली." मी सांगितलं, चूक माझी. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी चाल पोरीनं खेळली होती. पोरगी खिडकीबाहेर बघत होती.

घरी आजोबांनी डाव मांडून घेतला म्हणे. ते देशी पद्धतीनं खेळणारे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, कॅसलिंग नाही, पण राजाला एकदा घोड्याची उडी मारायची मुभा. शेवटची स्थिती पाहून ते म्हणाले, "आमचा राजा आधीच उडी मारून निघाला असता. तुमच्या इंग्रजी राजाला स्वतःच्याच प्याद्यांनी कोंडलं." तिनं हे मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसली.

त्यानंतर वर्गात मी दोन गोष्टी बदलल्या. शेवटच्या फेरीच्या आदल्या रात्री नवीन ओपनिंग, म्हणजे डावाची नवी सुरुवात, सांगायची नाही. मुलानं विचारलं तरी नाही, पालकांनी विचारलं तर फोनच उचलायचा नाही. आणि बरोबरी हवी असेल तेव्हा काय खेळायचं हा प्रश्न आला की मी ओपनिंगचा तक्ता उघडत नाही, मुलाचे आधीचे दहा स्कोअरशीट उघडतो. एका मुलाला यातून त्याच्या किंग्ज गॅम्बिटनंच, सुरुवातीलाच प्यादं देऊ करणाऱ्या आक्रमक ओपनिंगनंच, बरोबरी मिळाली. कशी मिळाली ते सांगण्यासारखं नाही, दोघांचेही राजे मधेच फिरत होते.

सेलूच्या मुलीनं वेगळंच काढलं. पुढच्या रविवारी वर्गात लहान मुलांसमोर तिनं बाराव्या चालीपर्यंतचा डाव मांडला आणि विचारलं, काळ्यानं काय खेळावं? कुणी म्हणालं घोडा ई५, कुणी उंट डी७. वजीर जी३ कुणालाच दिसलं नाही. मग तिनं ती चाल केली, आणि पोरं ओरडली, "अगं मारतंय की त्याला प्यादं!" ती म्हणाली, "मार की मग." चौथीतला एक मुलगा पटाजवळ गेला, प्यादं उचललं आणि हवेतच थांबला. मला हॉल आठवला.

वर्ग संपल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मला काळ्याकडून फ्रेंच शिकवा." तोवर ती काळ्याकडून ई५ च खेळायची. मी नको म्हणणार होतो, मग म्हटलं, बरं.

सहा महिने झाले. मागच्या महिन्यात एका खुल्या स्पर्धेत तिच्यासमोर कॉलेजमधला मुलगा होता. त्यानं तिसऱ्या चालीला डी५ मारलं, सहाव्या चालीला बरोबरी मागितली. या वेळी प्रेक्षकांना आत सोडत होते, मी मागं उभा होतो. तिनं पटाकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"खेळू की," ती म्हणाली, आणि उंट बाहेर काढला.